चेंबरात उतरणारं डिझेल शोधायला डाय आणि टॉर्चचा संच: कुठे कामाचा, कुठे नाही

डिझेलमध्ये विरघळणाऱ्या चमकत्या डायची (रंगाची) छोटी बाटली, जांभळ्या उजेडाची यूव्ही टॉर्च आणि पिवळ्या काचेचा चष्मा, असा हा संच असतो. विकणारा सांगतो ते फार सोपं असतं: डाय टाकीत ओता, इंजिन चालवा, टॉर्च मारा, गळती दिसेल. गाडीच्या बाहेरून थेंबथेंब डिझेल गळत असेल तर ते खरंही आहे. पण खेड्यातल्या ट्रॅक्टर-पिकअपवाल्याला खरा त्रास देते ती आतली गळती. त्यात डिझेल बाहेर न पडता सरळ चेंबरात, म्हणजे इंजिनाखाली जिथे ऑइल साठतं तिथे, उतरतं आणि गेजवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल कमी होण्याऐवजी वाढत जातं. त्या कामासाठी हा संच कितपत उपयोगी, एवढंच इथे तपासलं आहे.

मत आधीच सांगतो. संच घेण्यासारखा आहे, पण तो एकट्या गाडीवाल्याने नव्हे, मिस्त्रीने किंवा गावातल्या चार-पाच ट्रॅक्टरवाल्यांनी मिळून घ्यावा. डिझेल कुठून उतरतंय ते डाय दाखवतो. उतरतंय का आणि किती, हे तो सांगत नाही. ते आधी आपणच ठरवावं लागतं, आणि त्याला संचाची गरज नाही.

त्याआधी धोक्याचं. गेजवर ऑइल वरच्या खुणेच्या बरंच वर गेलं असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर इंजिन चालू करू नका. पातळ ऑइलने बेअरिंग खाल्ली जातात हा एक भाग झाला. दुसरा जास्त भयंकर आहे. वाढलेलं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून) हवेच्या वाटेने ओढलं गेलं, तर इंजिन तेच जाळत सुटतं आणि मग चावी फिरवून किंवा स्टॉपची तार ओढून ते बंद होत नाही. अशा वेळी हवेचं तोंड जाड फळीने दाबून हवा बंद करावी लागते. हात किंवा फडकं लावू नका, दोन्ही आत ओढलं जातं. म्हणून तपासणी सुरू करताना फळी जवळ ठेवा, विशेषतः एअर क्लीनरचा पाइप काढून काम चाललं असेल तेव्हा.

आता मोजणी. गाडी सपाट जागी उभी करा. वावरात किंवा पांदणीत उतारावर घेतलेलं माप खोटं येतं. इंजिन बंद करून १५ मिनिटं थांबा, म्हणजे वरचं ऑइल चेंबरात उतरतं. मग गेज पुसून पुन्हा घाला. लेव्हल जिथे असेल तिथे कानशीने बारीक खूण करा आणि तास-मीटरचा किंवा किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. दहा तासांच्या कामानंतर लेव्हल खुणेच्या वर गेली, तर संशय पक्का.

किती गेलं ते ऑइल काढताना कळतं. समजा पुस्तिकेप्रमाणे फिल्टरसकट ७.५ लिटर ऑइल बसतं, बदलताना ते तेवढंच आणि मोजून भरलं होतं, आणि आता मापाच्या डब्यात ८.६ लिटर निघालं. म्हणजे १.१ लिटर बाहेरचं आलं, साधारण १३ टक्के. खरा आकडा याहून थोडा जास्तच असतो, कारण मधल्या काळात काही ऑइल जळून गेलेलं असतं आणि तेवढी जागा डिझेलनेच भरलेली असते. पाच टक्क्यांच्या पुढे गेलं की ते ऑइल वापरण्यालायक राहत नाही, मग बदलून किती दिवस झाले याला अर्थ नाही.

ऑइल पातळ झालंय का, हे बोटांवर चोळून सांगणारे मिस्त्री आहेत. त्यांचा अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो, पण मे महिन्यातल्या दुपारी इकडे कुठलंही ऑइल पाण्यासारखंच लागतं. त्यापेक्षा दहा मिलिलिटरची सुई काढलेली सिरिंज घ्या. एका छोट्या बाटलीत चेंबरातलं ऑइल आणि दुसरीत त्याच ब्रँडचं, त्याच ग्रेडचं नवं ऑइल भरा आणि दोन्ही बाटल्या अर्धा तास एकाच बादलीतल्या पाण्यात उभ्या ठेवा, म्हणजे दोन्हींचं तापमान सारखं होईल. मग दट्ट्या काढून सिरिंज उभी धरा, वरून ऑइल भरा आणि तेवढंच ऑइल खाली उतरायला किती सेकंद लागतात ते दोन्हींसाठी मोबाईलवर मोजा. वापरलेलं ऑइल आपोआपही थोडं पातळ होतं, त्यामुळे किरकोळ फरकाने घाबरू नका. पण नव्याला चाळीस सेकंद आणि जुन्याला वीस-बावीस लागत असतील, तर त्यात डिझेल आहे असंच धरून चाला. उलटी चूकही होते. काजळीने ऑइल घट्ट होतं आणि डिझेलने झालेला पातळपणा झाकला जातो. म्हणून सिरिंजने काही निघालं नाही तरी लेव्हल वाढत असेल, तर लेव्हलवर विश्वास ठेवा.

फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघण्याची पद्धतही चांगली आहे. दोन्ही ऑइलचे थेंब शेजारी-शेजारी टाका, पेपर आडवा ठेवून रात्रभर राहू द्या. डिझेल असेल तर काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट कडं दूरवर पसरलेलं दिसतं. कागद पेटवून वास घेण्याचा जो प्रकार चालतो तो मात्र करू नका, विशेषतः छपरीत कडबा किंवा कापूस पडलेला असेल तर.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. लेव्हल वाढली म्हणजे डिझेलच आलं, असं नाही. ज्या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप इंजिनाच्या टायमिंग गियरवर बसतो, तिथे पंपाच्या शाफ्टचं सील गेलं की हायड्रॉलिकचं ऑइल इंजिनात येतं. पॉवर स्टिअरिंगचा पंप तिथेच बसत असेल तर त्याचंही तसंच. अशा वेळी चेंबरात लेव्हल वाढते, पण वास डिझेलचा नसतो, ऑइल फारसं पातळ होत नाही, आणि तिकडे हायड्रॉलिकची लेव्हल उतरलेली सापडते. डिझेलमध्ये टाकलेला डाय हे दाखवूच शकत नाही. हेड गॅस्केटमधून पाणी आलं असेल तर ऑइल दुधाळ होतं आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होतं. ही दोन कारणं बाद झाल्याशिवाय डायची बाटली फोडणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

आता संचाकडे. बाटलीवर डिझेलसाठी किंवा तेलासाठी असं लिहिलेलं हवं. कूलंटचा डाय पाण्यात मिसळणारा असतो. तो डिझेलमध्ये विरघळत नाही, टाकीच्या तळाशी जाऊन बसतो आणि पुढे वॉटर सेपरेटरमध्ये गोळा होतो. एसीचा डायही नको. दुकानात तिन्ही शेजारी मांडलेले असतात आणि रंगाने सारखेच दिसतात, त्यामुळे ही चूक सहज होते.

टॉर्चच्या बाबतीत पैसे वाचवू नका. स्वस्त संचातली टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरची असते. तिचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पडतो की बारीक चमक त्यात बुडून जाते. ३६५ नॅनोमीटरची, काळी फिल्टर-काच बसवलेली टॉर्च घेतली तर अर्धं काम तिथेच सोपं होतं. डाय दोन्ही संचांत जवळपास सारखाच निघतो, फरक टॉर्चचा. चष्मा पिवळ्या काचेचाच घाला. तो डोळ्यांना वाचवतो आणि जांभळा उजेड गाळून हिरवट-पिवळी चमक उठून दाखवतो. आणि हे सगळं काम दिवेलागणीनंतर करायचं. दिवसाउजेडी, छपरीत का असेना, टॉर्च मारून काहीही दिसत नाही.

बाटलीबरोबरच्या कागदावर सहसा नसतं, पण सगळ्यात महत्त्वाचं हे: आधी ऑइल आणि फिल्टर बदला. डिझेल इंजिनाचं काळं ऑइल टॉर्चचा उजेड पिऊन टाकतं. त्यात डाय मिसळलेला असला तरी चमक दिसत नाही, आणि मग लोक म्हणतात संच खोटा आहे. ऑइल ताजं, सोनेरी असेल तरच डाय त्यात आणि धातूवर दिसतो. हे ऑइल चाचणीपुरतं आहे, त्यामुळे महागडं नको, पण ग्रेड पुस्तिकेतलीच घ्या.

डाय टाकण्याआधी एकदा कोरी टॉर्च सगळीकडे फिरवून बघा. ताजं ऑइल स्वतःच फिकट निळसर चमकतं. हिरवा कूलंट तर जोरात हिरवा चमकतो, इतका की वॉटर पंपाची जुनी गळती बघून डिझेल पंप उघडला जाऊ शकतो. जे आधीच चमकतंय ते पुसून घ्या किंवा खडूने खूण करा.

पूर्ण टाकीत डाय ओतण्याची गरज नाही. पाच लिटरचा स्वच्छ डबा पंपापेक्षा उंच बांधा, सायलेन्सरपासून दूर. त्यातून फिल्टरला नळी द्या आणि रिटर्नची (उरलेलं डिझेल परत आणणारी) नळीही त्याच डब्यात सोडा. रिटर्न टाकीत जाऊ दिला तर डब्यातलं डिझेल बघता बघता संपतं आणि पंप हवा ओढतो. डायचं प्रमाण लेबलवरच्या हिशेबाने काढा. बाटली ३० मिलिलिटरची आणि ३० लिटरसाठी असेल, तर पाच लिटरला पाच मिलिलिटर. थोडं इकडेतिकडे चालतं, पण दुप्पट-तिप्पट ओतलं तर हात, पाने (स्पॅनर), कपडे सगळंच चमकायला लागतं आणि मग खरी जागा सापडत नाही. कॉमन रेल गाडीला (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) पाच लिटरचा डबा पुरत नाही. तिचं रिटर्न डिझेल भरपूर आणि गरम येतं, तिथे वीस लिटरचा कॅन लागतो.

जुन्या ट्रॅक्टरांच्या लाइन पंपावर (प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा एलिमेंट एका रांगेत असलेल्या डिझेल पंपावर) या संचाचा खरा कस लागतो, आणि तिथे तो पैसे वसूल करतो. या पंपांचं खालचं कॅमचं घर बऱ्याच ठिकाणी इंजिनाच्याच ऑइलने भिजतं. एलिमेंट (डिझेलला दाब देणारा दट्ट्या) आणि त्याच्या नळकांड्यातली फट काही मायक्रॉनची असते. ती घासून वाढली की दाबाचं डिझेल खाली कॅमच्या घरात उतरतं आणि तिथून चेंबरात. दुसरी वाट एलिमेंटच्या बैठकीतून, म्हणजे नळकांडं पंपाच्या बॉडीवर जिथे टेकतं तिथून. तिसरी फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या) दांड्याजवळून. तिन्हींचा परिणाम गेजवर एकच दिसतो, खर्च मात्र तिन्हींचा वेगळा. फीड पंपाची दुरुस्ती किरकोळ असते. एलिमेंट बदलायचे म्हणजे पंप उतरवून बेंचवर पुन्हा सेटिंग करणं आलं. म्हणून इथे ठिकाण कळण्याला किंमत आहे.

पद्धत अशी. इंजिन बंद. पंपाचं बाजूचं झाकण उघडून आत स्वच्छ डिझेलने धुवा आणि सूत न सुटणाऱ्या कापडाने कोरडं करा. डायचं डिझेल जोडा, एअर काढा आणि हातपंप सलग दोन-तीन मिनिटं मारत राहा. मग दिवा बंद करून टॉर्च मारा. एखाद्या नळकांड्याच्या बुडाशी हिरवी ओल सरकत खाली येत असेल, तर बैठक गळते आहे. फीड पंपाच्या बाजूने ओल येत असेल, तर त्याचा दांडा किंवा ओ-रिंग. दोन्ही ठिकाणी कोरडं असेल तर झाकण बसवा, इंजिन अर्धा तास चालवा, बंद करून पुन्हा उघडा. आता जिथे चमक गोळा झाली असेल ते बहुधा दाबाखाली उतरणारं, म्हणजे एलिमेंटचं डिझेल. मोकळ्या चालीवर ट्रॅक्टर तासाला लिटर-दीड लिटर डिझेल घेतो, तेव्हा पाच लिटर पुरून उरतात. नव्या एलिमेंटखालीही किंचित ओल येते. चारपैकी तीन सारखे आणि एक ओलाचिंब असेल, तर तोच दोषी. पंपाला स्वतःचं वेगळं ऑइल असेल, तर हे सगळं करण्याआधी तेच काढून बघा. डिझेल तिथेच साठलेलं सापडतं.

इंजिन ब्लॉकला लागलेला डायफ्रॅमचा फीड पंप असेल तर डायची गरजच नाही. डायफ्रॅम फाटला की डिझेल सरळ चेंबरात जातं. काही पंपांच्या बॉडीला खाली बारीक भोक असतं. डायफ्रॅम गेला की तिथून थेंब पडायला हवेत, पण काळी माती आणि ग्रीस बसून ते बुजलेलं असतं. भोक तारेने मोकळं करा, मग काही वेळात उत्तर मिळतं. नाही मिळालं तर पंप काढा, बाहेरचं तोंड बंद करा, दुसऱ्या तोंडातून सायकलच्या पंपाने हलकी हवा द्या आणि डिझेलच्या बादलीत बुडवून बुडबुडे बघा.

रोटरी पंपाच्या (सगळ्या सिलिंडरांना एकाच फिरत्या भागातून डिझेल वाटणाऱ्या पंपाच्या) आत डिझेल दाबाने भरलेलं असतं आणि शाफ्टचं सील गेलं की ते टायमिंग कव्हरमध्ये उतरतं. ही गळती डायने दिसते, पण बघायला टायमिंगचं झाकण तरी उघडावं लागतं किंवा पंप तरी उतरवावा लागतो. पंप उतरवलाच, तर पंप-नोझलवाल्याकडे नेऊन हवेच्या दाबावर सील तपासून घेणं जास्त सरळ. तिथे डायने फार काही वाचत नाही.

ज्या इंजिनांत इंजेक्टर किंवा त्यांच्या रिटर्नच्या नळ्या टॅपेट कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) आत असतात, तिथे मात्र डायसारखं दुसरं साधन नाही. रिटर्नच्या जोडाची ओ-रिंग कडक झाली किंवा तांब्याचा वॉशर जुनाच परत बसवला, की डिझेल हेडवरून सरळ खाली ऑइलमध्ये जातं. बाहेर एक थेंब दिसत नाही. गाडी नीट ओढते, धूर नसतो, ॲव्हरेज थोडंसं पडतं. डाय टाकून वीस मिनिटं चालवा, बंद करा, कव्हर काढा आणि टॉर्च मारा. ऑइलच्या सोनेरी थराखालून हिरवी रेघ ज्या जोडापासून सुरू होते, तो जोड तुमचा. कॉमन रेलवर इंजिन चालू असताना कव्हर उघडून बघू नका. रेलमध्ये हजार-दीड हजार बार आणि त्याहून जास्त दाब असतो. सुईएवढी फवारणी कातडीतून आत जाते आणि वर फक्त टोचल्यासारखं दिसतं. तसं कुणाला झालं तर दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, त्याच वेळी जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यायचं. बंद केल्यावरही दाब उतरायला काही मिनिटं द्या.

आता जिथे संच निकामी आहे ते. नोझल टपकत असेल तर डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांमधून खाली जातं. चेंबरात तेही डायसकट पोचतं, पण वाटेवर बोट ठेवता येत नाही. इथे लक्षणं बोलतात: सकाळी चालू करताना पांढरा धूर, ठोके, एक सिलिंडर लंगडा. जुन्या इंजिनाचे नोझल काढून हाताच्या टेस्टरवर लावा. उघडण्याच्या दाबापेक्षा २० बार कमी दाबावर दहा सेकंद धरलं असता टोक कोरडं राहिलं पाहिजे. थेंब जमला तर नोझल गेला. पंप-नोझलच्या दुकानात हे बघायला फार वेळ लागत नाही, आणि समोर उभं राहून बघण्याचा हट्ट गिऱ्हाइकाने जरूर धरावा. कॉमन रेलचे इंजेक्टर या टेस्टरवर तपासता येत नाहीत, त्यांना त्यांचं बेंच लागतं.

बीएस-६ पिकअप आणि गाड्यांमध्ये दुसराच प्रकार आहे. धुराड्यातला काजळीचा फिल्टर जाळून साफ करताना काही इंजिनं सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात. त्यातलं थोडं भिंतीवरून खाली उतरतं. गाडी दिवसभर गाव ते फाटा, फाटा ते गाव अशी तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांवर असेल, तर ही सफाई दरवेळी अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते आणि ऑइल वाढत जातं. इथे गळती कुठेच नसते. डाय टाकून काहीही सापडणार नाही आणि सापडलं असं वाटलं तर ते चुकीचं असेल. स्कॅनर लावून सफाई किती वेळा अर्धवट राहिली ते बघा, ऑइल बदला आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी मोठ्या रस्त्यावर सलग अर्धा तास एका चालीने पळवा. वॉरंटीतल्या गाडीत तर डाय स्वतःहून टाकूच नका. ५० एचपीच्या वरच्या, २०२३ पासूनच्या नव्या प्रदूषण-नियमांच्या ट्रॅक्टरांमध्ये जिथे हा फिल्टर आहे, तिथेही आधी हीच शंका घ्यावी.

खर्चाचा हिशेब केला तर संचाची खरी किंमत बाटलीची नाही, चाचणीसाठी जादा भरलेल्या ऑइलची आहे. सात-आठ लिटर ऑइल आणि फिल्टर फक्त बघण्यासाठी जातो. म्हणून कास्तकाराने हे काम उन्हाळवाही संपल्यावर, पेरणीच्या आधी, ऑइल बदलायचंच असतं तेव्हा उरकावं. कापूस जिनिंगला न्यायच्या हंगामात ट्रॅक्टर दोन संध्याकाळ उघडा पडून राहणं परवडत नाही. मिस्त्रीला मात्र वर्षात दोन लाइन पंप जरी नेमक्या जागी उघडता आले, तरी संच फिटतो.

दुरुस्तीनंतरची एक अडचण लक्षात ठेवा. डाय कोपऱ्यांत, गॅस्केटच्या कडांना आणि बोल्टच्या आट्यांत चिकटून राहतो. बदललेल्या जोडाभोवती पुन्हा चमक दिसली म्हणून काम फसलं असं समजू नका. ब्रेक क्लीनरने ती जागा धुवा, टॉर्च मारून काळोख आहे याची खात्री करा, मगच अर्धा तास चालवा. चाचणीचं ऑइल त्यानंतर काढून टाका, फिल्टरही बदला, नवं ऑइल मोजून भरा आणि गेजवरच्या जुन्या खुणेशेजारी नवी खूण करा. ट्रॅक्टरला दहा तासांनी आणि गाडीला पाचशे किलोमीटरनंतर, त्याच सपाट जागी, १५ मिनिटं थांबून पुन्हा बघा. लेव्हल जागेवर असेल तर एकदा ऑइल प्रेशरचा मीटर लावून घ्या. गरम इंजिनाचा दाब पुस्तिकेतल्या आकड्याखाली असेल, तर पातळ ऑइलने बेअरिंग आधीच घासली आहेत आणि ते काम अजून बाकी आहे.